खाणीतला नमस्कार

चौतीस. बोग्नाने पुन्हा एकदा मोजली. चौतीसच.

पायऱ्या उतरण्याआधी माणसं मोजायची, वाटेत प्रत्येक दारापाशी मोजायची, आणि लिफ्टने वर आणल्यावर शेवटची मोजायची. मिठाच्या खाणीत सहा वर्षं गाईड म्हणून काढल्यावर ही सवय तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की, बेकरीच्या रांगेत उभी राहिली तरी ती पुढची डोकी मोजून घ्यायची. आता चौतीस डोकी तिच्याकडे बघत होती, तिकिटं मात्र पस्तीस विकली गेली होती.

ती दार ओढून घेणार, तेवढ्यात पस्तिसावा आला. बाहेरचं नोव्हेंबरचं धुकं त्याच्या अंगावरून अजून उतरलं नव्हतं. लांब काळा कोट, काळा स्वेटर, आणि गळ्याशी पांढऱ्या कॉलरची एक बारीकशी रेघ. तिकीट दातांत धरलेलं, कारण दोन्ही हात छत्री मिटण्यात गुंतलेले.

"देव बरं करो," बोग्ना सगळ्यांना म्हणाली.

वर, जमिनीवर, कुणी कुणाला भेटलं की 'शुभ दिवस' म्हणतात. खाणीत तसं म्हणत नाहीत. जो खाली उतरतो त्याला दिवस कसा जातो यापेक्षा आपण परत वर येतो की नाही याची काळजी जास्त असते, म्हणून खाणीतली माणसं एकमेकांना 'देव बरं करो' म्हणतात, आणि उत्तरही तेच देतात. जमिनीवर हे शब्द एकाच प्रकारच्या माणसाला म्हटले जातात... धर्मगुरूला. त्यामुळे पर्यटक नेहमी गोंधळतात. कुणी 'शुभ दिवस' पुटपुटतं, कुणी हसतं, कुणी बुटांकडे बघतं.

पस्तिसाव्याने मात्र तिकीट दातांतून काढलं आणि छत्रीवरची नजरही न काढता, दिवसातून वीसदा म्हणत असल्यासारखं, सहज उत्तर दिलं, "देव बरं करो."

खोल, मऊ आवाज. अरे, हे तर फादर आहेत, बोग्नाच्या मनात आलं. आणि का कोण जाणे, त्याच्या पाठोपाठ मनात आणखी एक शब्द आला — अरेरे.

जवळजवळ चारशे लाकडी पायऱ्या, गोल गोल खाली जाणाऱ्या. शंभरेक झाल्या असतील नसतील, तोच लुब्लिनकडच्या एक आजी कठड्याला मिठी मारून उभ्या राहिल्या.

"मी नाही यायची पुढे. इथेच बसते. येताना न्या मला."

"आजी, येताना आपण या वाटेने येत नाही," बोग्ना म्हणाली. "लिफ्टने येतो."

"म्हणजे मला इथेच टाकून जाणार?"

मागे माणसांची रांग तुंबली. तेवढ्यात काळा कोट भिंतीला घासत घासत पुढे आला आणि आजींच्या शेजारी पायरीवर बसला. आजींनी चष्म्यातून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फादर ना तुम्ही? मघाशी ऐकलं मी. माझा हात सोडू नका, फादर."

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण आजींनी त्याचा हात असा घट्ट धरला होता, की त्याने एकदा बोग्नाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"बरं, आजी. संतांची नावं घेऊ या. मी नाव घेतो, तुम्ही म्हणा, 'आमच्यासाठी विनंती करा.' एका नावाला एक पायरी."

"आणि नावं संपली तर?"

"संपत नाहीत. आपल्याकडे पायऱ्यांपेक्षा संत जास्त आहेत."

आणि ते उतरू लागले. तो नाव घ्यायचा, अगदी चालीवर, एकदाही न अडखळता. आजी उत्तर द्यायच्या आणि एक पाय खाली टाकायच्या. तिसाव्या नावापर्यंत मागचे दोघे-तिघे त्यात मिसळले. शंभराव्या नावाला कानात गाणी घालून आलेल्या विद्यार्थिनीनेही कान मोकळे केले होते. पुढे बोग्ना दिवा धरून उलटी उतरत होती, आणि तो आवाज त्या लाकडी विहिरीत भरत चालला होता. तळाला पोचल्यावर आजींनी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

फादरांना लाजताना बोग्नाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे तिने सवयीने सगळं सांगितलं. मीठ पांढरं नसतं, करडं असतं. भिंत चाटून बघायला हरकत नाही. काहींनी चाटून बघितली. मोठ्या दालनात आल्यावर काळ्या कोटवाल्याने एकदाच टाळी वाजवली, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि टाळीचा आवाज विरेपर्यंत तसाच उभा राहिला. मग हळूच शीळ घातली.

"फादर, इथे शिट्टी वाजवत नाहीत," बोग्ना जवळ जाऊन म्हणाली. "खाणीच्या राखणदार आत्म्याला खपत नाही."

'फादर' ऐकून तो गालातल्या गालात हसला. "राखणदाराला मग कुठला सूर आवडतो?"

"शांतता."

"अवघड श्रोता आहे."

संत किंगाच्या प्रार्थनास्थळात तिने नेहमीची गोष्ट सांगितली. किंगा राणीने अंगठी टाकली ती एका देशात, आणि सापडली इथल्या मिठाच्या ढेकळात. लोक मान वर करून मिठाची झुंबरं बघत होते. तो तिच्याजवळ येऊन कुजबुजला, "आणि लग्नानंतर तिने नवऱ्याला आयुष्यभर भाऊ मानलं, ते नाही सांगितलंत?"

"ते तिकिटात येत नाही."

तो एवढ्या मोकळेपणाने हसला, की दोन बायकांनी वळून पाहिलं. बोग्नाही हसली. मग तिला आठवलं की यानेही तसंच ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं असणार, आणि तिचं हसू ओठांवरच थांबलं.

*

चार दिवसांनी तिने त्याला पुन्हा पाहिलं. संध्याकाळी कामावरून घरी जाताना गावच्या चर्चच्या फादर विंसेंतींच्या घराची खिडकी उघडी होती, आणि आत तो कोट खुंटीला अडकवत होता. स्वतःच्या घरात अडकवावा तसा. झालं, आता शंकेला जागाच उरली नाही. हे गावात बदलून आलेले नवे फादर असणार.

कुणाला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण उत्तर माहीत असलेला प्रश्न कोण विचारतो? आणि दुसरं म्हणजे, त्याचं नाव काढलं की आपला चेहरा फितूर होईल, ही भीती. बोग्नाचा चेहरा लहानपणापासूनच तसा होता. बहिणीचं केक चोरणं आईला कधी कळायचं नाही, हिचं चोरण्याआधीच कळायचं.

गुरुवारी तो पुन्हा आला. या वेळी वेळेवर.

"फादर, परत?"

"फादर..." त्याने तो शब्द जिभेवर घोळवला, भुवया उडवल्या. "बरं, तसं तर तसं. मागच्या वेळी सगळं लक्ष आजींकडे होतं, गाईडबाई. खाण बघायची राहिली."

"आज काय बघणार?"

"आज सांगणारीकडे बघणार."

बोग्ना गर्रकन वळली आणि दार उघडायला लागली, ते चुकीचं दार निघालं. त्या फेरीत तिने पस्तीस लोकांना सांगितलं की, एक घोडा या खाणीत सातशे वर्षं राबला.

"त्याला पेन्शन तरी मिळाली का?" मागून आवाज आला.

सगळे हसले. सगळ्यांत जास्त तोच.

लाकडाच्या एका ठेंगण्या तुळईपाशी ती थांबून प्रत्येकाला सावध करायची. "फादर, डोकं सांभाळा."

"तेवढंच सांभाळायचं राहिलंय," तो वाकून जाता जाता म्हणाला. आणि पलीकडे गेल्यावर, "काही पापंबिपं असतील तर सांगून टाका. एवढ्या खालचं वर ऐकू जाणार नाही."

बोग्नाला रात्रभर झोप आली नाही. पापच होतं ते. एखादा माणूस समोर आला की हातातला दिवा जड व्हावा, तो बोलला की पाठ केलेली वाक्यं पुसली जावीत, आणि गुरुवार सोडून आठवड्याचे बाकीचे दिवस नुसते जागा अडवून बसल्यासारखे वाटावेत... याला दुसरं काय म्हणायचं? आणि तेही देवाला दिलेल्या माणसाच्या बाबतीत.

पुढच्या गुरुवारी त्याने कागदात गुंडाळलेला खसखशीचा केक आणला. फेरी संपल्यावर लोक दुकानात मिठाचे दिवे विकत घेत होते, आणि ते दोघे भिंतीशी बाकावर बसले होते.

"फादर विंसेंतींच्या स्वयंपाकीणबाईंनी दिलाय. मी बारीक आहे असं त्यांचं म्हणणं आहे."

"आहातच."

"मग खा तुम्ही. तुम्ही तर दिवसातून तीनदा खाली उतरता."

केकचे दोन तुकडे करताना त्याच्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं. लांब, कोरडी बोटं, एका नखाखाली काळं रक्त साकळलेलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला खसखशीचा एक दाणा चिकटला होता. तो सांगावा की न सांगावा, याचा विचार करण्यात तिने अर्धा केक संपवला.

"खालीच का काम घेतलंत?" त्याने विचारलं.

"वरचं हवामान सारखं बदलतं. इथे बारा महिने चौदा अंश. काही बदलत नाही."

"ते चांगलं असतं?"

"सवय होते."

"माझं उलट. सहा आठवडे इथे, दोन महिने तिथे. एकाच कपातून सलग चहा प्यालो असं कधी होत नाही."

"पाठवतील तिथे जायचं, नाही का?"

"बोलावतील तिथे."

"आणि घर?"

"घर करायचं तर कुणीतरी 'थांब' म्हणावं लागतं," तो कागदाची घडी घालत म्हणाला. "अजून कुणी म्हटलं नाही."

खाणीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. बोग्ना म्हणाली, "तुम्हाला तसं म्हणायची परवानगी तरी कुणाला आहे?"

त्याने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. "परवानगी कशाला लागते त्याला?"

त्याच्या डोळ्यांत एवढं साधं, उघडं आश्चर्य होतं, की तिला रडू येईल असं वाटलं. तिने मांडीवरचा चुरा झटकला, दिवा उचलला आणि पुढची फेरी आहे असं खोटंच सांगून निघून गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी तिने आपली फेरी दुसऱ्या गाईडला, वाल्देकला दिली. वाल्देक बोख्न्याहून यायचा, चाळीस वर्षांचा, पाच मुलींचा बाप, आणि त्यामुळे त्याला सगळं कळायचं.

"तुझा काळा कोटवाला आला होता," संध्याकाळी हातमोजे काढत तो म्हणाला. "प्रत्येक वळणावर मागे बघत होता. मी सांगितलं, बाबा रे, मी दिसायला एवढा वाईट नाही."

"माझा कसला?"

"बोग्ना, मला पाच मुली आहेत," वाल्देक म्हणाला, आणि एवढंच बोलून घरी गेला.

*

डिसेंबर उजाडला. शनिवारी संत बार्बराचा दिवस, म्हणजे खाणीतल्या माणसांचा सण. दुकानांच्या काचांत खाणकामगारांच्या, पिसांचा तुरा लावलेल्या टोप्या दिसू लागल्या. गुरुवारी बोग्नाने आपली फेरी कुणाला दिली नाही. एकदा बघून घ्यावं, मग मनातून काढून टाकावं, असं तिने ठरवलं होतं. मनातून काढून टाकायचं ठरवलेलं माणूस एकदा बघून घ्यायला कशाला जायचं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

तो आला. आज कोटाची बटणं चुकीची लागली होती. सगळ्या वाटेत त्याने एकही विनोद केला नाही. खाणीतल्या तळ्यापाशी लोक फोटो काढू लागले, तेव्हा तो तिच्याजवळ कठड्याला टेकून उभा राहिला. पाणी काळं, हिरवं आणि इतकं खारं, की त्यात बुडता येत नाही.

"माझं काम संपत आलं," तो म्हणाला. "शनिवारची सणाची प्रार्थना झाली की रविवारी सकाळच्या गाडीने तोरुनला."

बोग्नाने माणसं मोजायला घेतली. सतरापर्यंत गेली आणि विसरली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे 'फादर, फादर' करताय ना महिनाभर... ही गंमत आता पुरे करू या का? माझं नाव कोर्नेल. एकदा नावाने हाक मारा. जाण्याआधी."

गंमत. म्हणजे त्याच्या लेखी ही गंमत होती. केक, तुळई, 'सांगणारीकडे बघणार', सगळंच. आणि तरीही तो शब्द तिच्या ओठांवर आपोआप जुळून आला होता, कोर-नेल, दोनच तर अक्षरगट. तिने ओठ घट्ट मिटले.

"ते शोभायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही. मलाही."

त्याने कोटाचं चुकीचं लागलेलं बटण काढलं आणि बरोबर लावलं.

"बरं," तो म्हणाला. "कळलं."

लिफ्टचा पाळणा म्हणजे लोखंडी जाळीची पेटी. एका कप्प्यात नऊ माणसं, खांद्याला खांदा, आणि दिवा नाही. दार आदळलं, दोर ताणला गेला, पाळणा अंधारातून वर निघाला. कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं, पण बोग्नाला न बघता माहीत होतं. डाव्या दंडाला लागलेल्या कोटाच्या बाहीला ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास येत होता. तिने दंड काढून घेतला नाही. त्यानेही घेतला नाही. चाळीस सेकंद. रोज वर जाताना हा पाळणा किती हळू चालतो म्हणून ती कुरकुरायची, आणि आज... आज वरचा उजेड जाळीतून आत येऊन त्याच्या हनुवटीवर पडला, दार उघडलं, आणि माणसं धुक्यात सांडली. तो वळला नाही.

*

सणाच्या आदल्या दिवशी अख्खं गाव पापनिवेदनाला, फादरांपुढे आपली पापं कबूल करायला जातं. शुक्रवारी बोग्नाला दुपारनंतर सुट्टी होती. ती चर्चमध्ये आली तेव्हा फादर विंसेंती ज्यात बसायचे त्या, दोन्ही बाजूंना जाळ्या असलेल्या लाकडी खोक्यापुढे सात बायका रांगेत होत्या. फादरांनी तिचा बाप्तिस्मा केला होता, तिला पहिला प्रसाद दिला होता, वडिलांना माती दिली होती. अशा माणसाला हे सांगायचं म्हणजे... पण फादरांना डाव्या कानाने फार कमी ऐकू यायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला मोठं काही सांगायचं असे तो डाव्या जाळीपाशी गुडघे टेकायचा. नंबर आल्यावर बोग्नाने डाव्या जाळीपाशी गुडघे टेकले.

"फादर, माझं मन एका माणसात गुंतलंय. गुंतायला नको होतं."

"काय गुंतलंय?"

"मन."

"हं. लग्न झालेला आहे?"

"नाही. तो... तो फादर आहे."

"हो, ऐकतोय. बोल."

"तुम्ही नाही. तो माणूस. तो फादर आहे."

"मुली, मी इथेच आहे, सारखं फादर फादर करू नकोस. कोण आहे तो?"

"धर्मगुरू," बोग्ना म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा ते बरंच मोठ्याने निघालं. मागे रांगेतलं खोकणं एकदम बंद झालं.

मग फादर जपून म्हणाले, "कुठले?"

"तुमच्या घरी उतरलेत ते. काळा कोट. मला माहीत आहे हे पाप आहे. मी काही केलं नाही, फादर. बोललेसुद्धा नाही. त्यांनी नाव घ्यायला सांगितलं तेही घेतलं नाही. पण रविवारी ते जाणार, आणि माझ्याने... माझ्याने श्वास घेववत नाही."

लाकडी खोकं हलायला लागलं.

"तुम्ही हसताय?"

"खोकतोय," फादर विंसेंती म्हणाले, आणि रुमालाने डोळे पुसल्याचा आवाज आला. "ऐक. माझ्या घरात धर्मगुरू दोन. एक मी. दुसरे फादर इग्नात्सी, त्यांना ऐंशी पूर्ण झाली, आणि त्यांचा कोट तपकिरी आहे. तू म्हणतेस तो पोरगा आमचा ऑर्गन दुरुस्त करतोय. त्याचे वडील आयुष्यभर चर्चमध्ये वाजवायचे, म्हणून त्याला सगळ्या प्रार्थना पाठ. बाकी तो फादर-बिदर कुणी नाही. चर्चच्या आत मात्र त्याला थंडी वाजते, म्हणून कोट काढत नाही."

बोग्नाने जाळीला कपाळ टेकवलं. लाकूड थंड होतं.

"महिनाभर एकेक सूर लावून त्याने गावाचे कान किटवले," फादर म्हणाले. "मला बहिऱ्याला ऐकू आलं. तुला नाही?"

"मी खाली असते, फादर. रविवारीसुद्धा."

"हं. तेही खरंच." ते पुढे झुकले. "आता तुझं प्रायश्चित्त. सेवेकऱ्याला मी मेणबत्त्या आणायला पाठवलंय, त्यामुळे वर ऑर्गनची पट्टी दाबून धरायला माणूस नाही. तू वर जा."

*

ऑर्गनच्या माळ्याचा जिना अरुंद होता. वर कुणीच दिसत नव्हतं. भिंतीएवढ्या उंच नळ्यांच्या रांगा, पुढे पट्ट्यांची पेटी, रिकामं बाक, आणि कुठेतरी त्या नळ्यांच्या जंगलात आत कुणीतरी धातूवर टिचक्या मारत होतं.

"आलात का, काका?" आतून आवाज आला. "लाल खूण केलीय ना, तिथपासून. एकेक. मी सांगेपर्यंत सोडू नका."

बोग्ना बाकावर बसली. लाल खडूची खूण असलेली पट्टी तिने दाबली. डोक्यावर कुठेतरी एक बारीक, थरथरता सूर जागा झाला. आत तो काहीतरी ठोकत होता, आणि सुराचा थरथराट हळूहळू कमी होत होत सपाट, स्वच्छ झाला.

"पुढची."

तिने पुढची दाबली.

"पुढची... काका, मधली एक गाळलीत."

"काका नाहीत," बोग्ना म्हणाली.

टिचक्या थांबल्या. सूर तेवढा चालू राहिला.

"कोण?"

"मी. गाईडबाई."

आत काहीतरी पडलं आणि बराच वेळ घरंगळत गेलं.

"हात काढू नका," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "काढला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. बोला. ऐकतोय मी."

तो दिसत नव्हता, हे बरंच होतं. नळ्यांच्या फटीतून नुसती काळ्या कोटाची एक पट्टी हलत होती.

"मला वाटलं तुम्ही फादर आहात," बोग्ना म्हणाली. "खरोखरचे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही नमस्काराला बरोबर उत्तर दिलंत म्हणून. आणि मग आजी, आणि फादर विंसेंतींचं घर..."

"मला वाटायचं, आजींवरून तुम्ही मला चिडवताय. आवडायचं ते मला." तो थांबला. "म्हणजे 'फादर, डोकं सांभाळा' म्हणायचात ते..."

"मनापासून म्हणायचे."

"आणि मी म्हटलं होतं, पापंबिपं असतील तर..."

"त्या रात्री मी झोपले नाही."

तो हसायला लागला, मग हसता हसता गप्प झाला. काल तळ्यापाशी ती काय म्हणाली होती, ते त्याला आता उमगत असावं.

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोय," तो म्हणाला. "चांगल्या शब्दांत सांगितलंत, असं वाटलं."

"नको असतात त्यांच्यापायी मी सातशे वर्षांचे घोडे सांगत नाही."

खाली चर्चमध्ये फादर विंसेंतींच्या खोक्यापुढे रांग उभी होती. पण पापं आठवायची सोडून सगळ्या बायका माना वर करून माळ्याकडे बघत होत्या.

"रविवारी जायचंच आहे?" बोग्नाने विचारलं.

"जावं लागेल. शब्द दिलाय. तिथला ऑर्गन याच्या दुप्पट आहे, फेब्रुवारीपर्यंत पुरेल." "त्यानंतर कुठे ते अजून ठरलं नाही. कुणी बोलावलेलं नाही."

फेब्रुवारी. दहा आठवडे, दहा गुरुवार. पण हे जाणं कालच्यासारखं नव्हतं. आता त्याला पुढचं टोक होतं.

"तिथे पट्टी कोण धरतं?"

"तिथला सेवेकरी. चांगला आहे, पण मधेच झोपतो. मग एकच सूर तासभर."

"जानेवारीत माझी दोन आठवडे रजा पडून आहे," ती म्हणाली. "मला झोप लागत नाही अलीकडे."

आत पुन्हा काहीतरी पडलं. मग नळ्यांच्या मागून, अगदी जवळून, "नाव घेशील आता?"

घेशील. महिनाभराचं अहो-जाहो त्याने एका शब्दात गळून पडू दिलं.

"कोर्नेल," ती म्हणाली.

"अजून एकदा. सूर जरा खाली लागला."

"कोर्नेल. थांब."

बाजूच्या पॅनेलमधलं छोटं दार उघडलं. तो वाकून बाहेर आला. केसांत धूळ, गालावर काजळी, एका हातात लाकडी हातोडी. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. मग त्याने ती कोटाच्या खिशात घातली, खिसा फाटका होता, ती खाली पडली, आणि त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला, हळूच, जसं कुणी झोपलेल्या माणसाशेजारी बसावं.

"हा सूर केव्हाच लागलाय," तो म्हणाला.

खालून फादर विंसेंतींचा मोठा, बहिऱ्या माणसाचा आवाज आला, "अजून लागला नाही का रे तो?"

सूर चर्चभर भरून राहिला होता, कारण बोग्नाचं बोट अजून पट्टीवर होतं, आणि तिच्या बोटावर त्याचं.